दंतचलन व वृषण-हॉर्मोन

दंतचलन व वृषण-हॉर्मोन : वेडेवाकडे दात सरळ करण्यासाठी त्यांवर सौम्य व सतत दाब दिला असता ते जबड्याच्या हाडातून हळूहळू सरकतात. या क्रियेस दंतचलन म्हणतात व तिच्यावर आधारलेल्या उपचारांस वक्रदंतोपचार ही संज्ञा आहे. दात सरकतो तो मुख्यतः भोवतालचे हाड एका बाजूस झिजते व दुसऱ्या बाजूस नव्याने तयार होते म्हणून. हाडांची ही झीज-भर रक्तातील हॉर्मोनांच्या (वाहिनीविहीन ग्रंथींत तयार होऊन थेट रक्तात मिसळणाऱ्या उत्तेजक द्रव्यांच्या) प्रमाणावर अवलंबून असते. वृषणांत तयार होणाऱ्या टेस्टोस्टेरोन या हॉर्मोनाची उणीव झाली, तर दंतचलनावर कोणता परिणाम होतो, हा प्रश्न त्यामुळे उद्भवतो. माणसात अशी उणीव मुद्दाम निर्माण करून पाहणे शक्य व उचित नसल्याने त्याचा अभ्यास प्रयोगशाळेतील प्राण्यांवर, विशेषतः पांढऱ्या उंदरांवर, केला जातो. दात लवकर सरकला म्हणजे उपचार चांगला झाला, असे या अभ्यासात मानता येत नाही. दाताची गती ही प्रथमतः हाडाच्या स्थितीची निदर्शक असते.

दात सरकण्याची क्रिया : दाताचे मूळ जबड्यातील खोबणीत थेट हाडाला चिकटलेले नसते. मूळ व हाड यांच्यामध्ये सु. पाव मिमी. जाडीचे तंतुमय ऊतक (समान कार्य करणाऱ्या कोशिकांचा म्हणजे पेशींचा समूह) असते. त्यास परिदंत बंध म्हणतात. चावताना बसणारे धक्के हा बंध सहन करतो. दातावर एका बाजूने सतत दाब दिला असता समोरच्या बाजूचा बंध दाबला जातो व तेथील रक्तपुरवठा मंदावतो. मागील बाजूचा बंध ताणला जातो. दाबाच्या बाजूस अस्थिभंजक कोशिका गोळा होऊन खोबणीची भिंत विरघळवितात, तर ताणाच्या बाजूस अस्थिजनक कोशिका नवे हाड घालतात. अशा प्रकारे दात आपल्या खोबणीसह पुढे जातो. प्रौढ माणसात ही गती सर्वसाधारणपणे महिन्याला सु. १ मिमी. एवढी असते.

या क्रियेचे सूक्ष्मदर्शकीय वर्णन प्रथम स्वीडिश दंतवैद्य कार्ल सँडस्टेड यांनी १९०४–०५ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांवरून केले. दाब फार झाल्यास परिदंत बंधाचा दाबलेला भाग निर्जीव व काचेसारखा एकजीव दिसू लागतो आणि तो भाग दूर होईपर्यंत दात थांबून राहतो, हे त्यांनी दाखविले. १९११ मध्ये आल्बीन ओपेनहाइम यांनी माकडांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. ए. एम. श्वार्ट्स यांनी १९३२ मध्ये असे प्रतिपादन केले की, केशवाहिन्यांतील रक्तदाबाहून अधिक नसलेला, म्हणजे दर चौ. सेंमी.ला सु. २० ते २६ ग्रॅ. इतका, दाबच हितकर ठरतो. अधिक जोर म्हणजे अधिक गती नव्हे, ही या शास्त्राची जुनी शिकवण आहे.

टेस्टोस्टेरोन व हाडे : वृषण काढल्याने होणारे शारीरिक बदल रक्तामार्फत पसरणाऱ्या द्रव्याच्या अभावी होतात, हे १८४९ मध्ये गटिंगेन येथील आर्नोल्ट बेर्टहोल्ट यांनी कोंबड्यांवर प्रयोग करून दाखविले. वृषण काढलेल्या कोंबड्याच्या उदरात वृषणाचे पुन्हा रोपण केले असता त्याचा तुरा, आरव व झुंजार वृत्ती टिकून राहिली. हे द्रव्य १९३५ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे एर्न्स्ट लाक्वेर यांच्या गटाने वळूंच्या वृषणांतून शुद्ध स्वरूपात वेगळे केले व त्यास टेस्टोस्टेरोन हे नाव दिले. त्याच वर्षी आडोल्फ बूटेनांट व लेओपोल्ड रूझीचका यांनी स्वतंत्रपणे त्याचे संश्लेषण केले. १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून मिळाले. [⟶ अंतःस्रावी ग्रंथी, वृषण].

टेस्टोस्टेरोन हाडांवर दोन मार्गांनी कार्य करते. एक मार्ग सरळ आहे : अस्थिजनक कोशिकांत या हॉर्मोनाचे ग्राही (हॉर्मोनाशी संयोग पावणारे प्रथिन) असतात. दुसरा मार्ग आडवळणाचा आहे : शरीरातील एका एंझाइमाच्या क्रियेने टेस्टोस्टेरोनाचा काही भाग स्त्री-हॉर्मोनात (इस्ट्रोजेनात) रूपांतरित होतो व पुरुषातही हाडांचे रक्षण बऱ्याच अंशी हे इस्ट्रोजेनच करते. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका रुग्णवृत्ताने या गोष्टीस बळकटी मिळाली. इस्ट्रोजेनाचे ग्राही निकामी असलेल्या त्या तरुणाच्या रक्तात टेस्टोस्टेरोन पुरेसे होते. तरीही त्याची हाडे विरळ झालेली होती व त्यांची वाढीची टोके प्रौढ वयातही सांधलेली नव्हती. वृषण काढल्याने ही दोन्ही हॉर्मोने एकाच वेळी कमी होतात. त्यामुळे अस्थिभंजक कोशिकांच्या निर्मितीस चालना देणाऱ्या द्रव्यांवरील नियंत्रण सुटते, त्या कोशिकांची संख्या वाढते व हाडांची झीज भरीपेक्षा अधिक होऊ लागते. नर उंदराचे वृषण काढल्यावर त्याच्या हाडांतील जाळीदार भाग विरळ होतो, हे १९८० पासून प्रायोगिक प्रतिकृती म्हणून वापरले जात आहे. [⟶ अस्थी].

कृषिजीवनातील उदाहरण : वृषणांच्या अभावाचा हाडांवरील परिणाम ग्रामीण महाराष्ट्रास नवा नाही. रायगड जिल्ह्यातील तळा, माणगाव, म्हसळे यांसारख्या डोंगराळ व भातशेतीच्या तालुक्यांत नांगरणी व चिखलणी पूर्वापार बैलांवर होत आली. बैल म्हणजे खच्ची केलेला (बडविलेला) गोऱ्हा होय. लहान वयातच खच्ची केलेल्या जनावरात वाढीची टोके उशिरा सांधली जातात व त्यामुळे पायांची हाडे वळूपेक्षा लांब होतात. मान व खांदे मात्र वळूइतके भरत नाहीत. बैल घेताना शेतकरी त्याचे तोंड उघडून दात पाहतो. खालच्या जबड्यातील आठ पुढच्या दातांपैकी किती कायमचे आले आहेत, यावरून जनावर आदत (दुधाचे दात असलेले), दोनदाती, चारदाती की जुळलेले हे ठरते. हे दात साधारणपणे दुसऱ्या वर्षानंतर जोडीजोडीने येऊ लागतात व पाचव्या वर्षाच्या सुमारास त्यांचा संच पुरा होतो. वळू असो वा बैल, वयाचा हा अंदाज त्याच खुणांवरून बांधतात. यावरून असे दिसते की, दात तयार होण्यावर वृषण-हॉर्मोनाचा प्रभाव अल्प आहे. त्याचा प्रभाव आहे तो मुख्यतः दाताला धरून ठेवणाऱ्या हाडावर. आणि दंतचलन हा त्या हाडाचाच व्यापार आहे.

प्रयोगपद्धती : पांढऱ्या उंदराच्या तोंडात एकूण १६ दात असतात. प्रत्येक अर्ध्या जबड्यात एक पटाशीचा दात व तीन दाढा असून त्यांच्यामध्ये मोठी मोकळी जागा असते. वरच्या पहिल्या दाढेस व पटाशीच्या दातांस बारीक स्प्रिंग जोडून दाढ पुढे ओढतात. काही प्रयोगांत दोन दाढांच्या फटीत रबराचा लहान तुकडा बसवितात. ही पद्धत १९५४ पासून रूढ आहे. सामान्यतः दोन ते तीन आठवड्यांनी सरकलेले अंतर मोजतात आणि जबड्याचे पातळ छेद रंगवून अस्थिभंजक कोशिकांची गणना करतात. अलीकडे सूक्ष्म क्ष-किरण संगणकीय छेदचित्रणाने हाडाची घनता व मुळाची झीजही मोजता येते.

हॉर्मोनाचा परिणाम निश्चित करण्यासाठी किमान तीन गट आवश्यक असतात. पहिल्या गटातील प्राण्यांवर छेद देऊन वृषण न काढता जखम शिवतात, म्हणजे शस्त्रक्रियेच्या आघाताचा परिणाम वेगळा काढता येतो. दुसऱ्या गटातील प्राण्यांचे वृषण काढतात. तिसऱ्या गटात वृषण काढून बाहेरून टेस्टोस्टेरोन देतात. दुसऱ्या गटात दिसलेला बदल तिसऱ्या गटात नाहीसा झाला, तरच तो हॉर्मोनाच्या उणिवेमुळे झाला असे म्हणता येते. शस्त्रक्रिया व दाब यांमधील कालावधीही महत्त्वाचा असतो. वृषण काढल्यानंतरच्या आरंभीच्या काळात हाडांची उलाढाल वाढलेली असते व पुढे ती ओसरते. त्यामुळे दुसऱ्या आठवड्यात लावलेली स्प्रिंग व चौथ्या महिन्यात लावलेली स्प्रिंग एकाच स्थितीतील हाडाची परीक्षा करीत नाहीत.

निष्पत्तीचा अर्थ : हाडांची उलाढाल वाढली की दात अधिक वेगाने सरकतो व ती मंदावली की दात रेंगाळतो, हा नियम निरनिराळ्या प्रयोगांतून दिसून आला आहे. अंडाशय काढलेल्या माद्या उंदरांत दंतचलन जलद होते, असे जपानी संशोधकांना २००१ मध्ये आढळले. उलट, अस्थिभंजक कोशिकांना रोखणारी बिस्फॉस्फोनेट वर्गातील औषधे दिलेल्या उंदरांत दात कमी सरकतात. टेस्टोस्टेरोनाच्या उणिवेतील दंतचलनाचा विचार याच चौकटीत करावा लागतो : दाबाच्या बाजूची झीज सुलभ झाल्याने दात पुढे जाण्यास वाव मिळतो, परंतु ताणाच्या बाजूची भर त्या प्रमाणात होत नाही.

या असमतोलाचे फलित काय, हे सशांवरील १९९२ च्या एका प्रयोगावरून स्पष्ट होते. कॉर्टिसोन दिलेल्या सशांचे दात इतर सशांच्या तुलनेने तीन ते चार पट वेगाने सरकले. पण दाब काढताच ते तितक्याच त्वरेने मागेही गेले. ज्या हाडात दात सहज सरकतो, ते हाड त्याला नव्या जागी सहज धरून ठेवीत नाही. म्हणून केवळ सरकलेले अंतर मोजणारा प्रयोग अपुरा ठरतो. दात किती टिकला, मुळाचे टोक किती झिजले व नवे हाड किती भरले, या तीन गोष्टींची नोंद त्याच्या जोडीने असावी लागते.

उंदीर व माणूस यांतील भेद : उंदरावरील निष्कर्ष माणसास लावताना पुढील भेद ध्यानात घ्यावे लागतात. (१) माणसाच्या दाढा आयुष्यभर किंचित पुढे झुकत जातात. उंदराच्या दाढा मागे सरकत असतात. म्हणजे प्रयोगातील स्प्रिंग निसर्गप्रवृत्तीविरुद्ध ओढत असते. (२) ज्या पटाशीच्या दातांचा आधार घ्यावयाचा ते उंदरात जन्मभर वाढत राहतात. त्यामुळे आधारच स्थिर नसतो. (३) माणसाच्या घट्ट हाडात वाहिन्यांभोवती वर्तुळाकार थरांची रचना असते. उंदरात ती जवळजवळ नसते. (४) माणसात अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडाच्या वर असणाऱ्या ग्रंथी) पौरुष-हॉर्मोनांची पूर्वद्रव्ये बऱ्याच प्रमाणात स्रवतात. उंदरात हे प्रमाण नगण्य असते. म्हणून वृषण काढलेला उंदीर या हॉर्मोनांना जवळजवळ पूर्णपणे मुकतो. माणसातील उणीव क्वचितच इतकी संपूर्ण असते. (५) चावण्याचे स्नायू काही प्राण्यांत, उदा., गिनीपिगमध्ये, वृषण-हॉर्मोनावर अवलंबून असतात. स्नायू क्षीण झाल्यास दातांवरील नेहमीचा भार घटतो व त्याचाही परिणाम हाडावर होतो.

मानवी उपचारांशी संबंध : प्रौढ पुरुषाच्या रक्तात टेस्टोस्टेरोनाचे प्रमाण दर डेसिलिटरला सु. ३०० ते १,००० नॅनोग्रॅम असते. जन्मजात दोष, वृषणांचे विकार, पोष ग्रंथीचे (मेंदूच्या तळाशी असणाऱ्या ग्रंथीचे) विकार, वार्धक्य व काही औषधे यांमुळे ते घटते. अष्ठीला ग्रंथीच्या कर्करोगावर पौरुष-हॉर्मोन कमी करण्याचा उपचार चार्ल्स हगिन्झ यांनी १९४१ मध्ये पुढे आणला व त्यासाठी त्यांना १९६६ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या उपचाराने रोग्याची हाडे विरळ होतात, हे सुविदित आहे. अशा रोग्यास हाडे विरळ होऊ नयेत म्हणून बिस्फॉस्फोनेट दिले जाण्याचा संभव असतो आणि तेव्हा परिणामाची दिशा नेमकी उलटते : दात मंद सरकतो व जबड्याची जखम भरून येण्यास अडचण येऊ शकते.

मुलांच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे. उशिरा वयात येणाऱ्या मुलांत जबड्यांची वाढही लांबते. त्यांना अल्प मात्रेत टेस्टोस्टेरोन दिल्यास चेहऱ्याच्या हाडांच्या वाढीस वेग येतो, असे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेल्जियममधील अभ्यासात दिसून आले. तथापि केवळ दातांसाठी हे हॉर्मोन देणे कोणत्याही प्रकारे समर्थनीय नाही, कारण त्याने हाडांची टोके वेळेपूर्वी सांधून उंची खुंटण्याचा धोका असतो. पुरुषात एक जादा एक्स गुणसूत्र असल्याने उद्भवणाऱ्या, १९४२ मध्ये वर्णिलेल्या क्लाइनफेल्टर लक्षणसमूहात टेस्टोस्टेरोन कमी असते व दाढांची मधली पोकळीही अनेकदा मोठी आढळते. परंतु दाढांचा हा दोष जादा गुणसूत्रामुळे येतो, हॉर्मोनाच्या उणिवेमुळे नव्हे.

भारतात वक्रदंतोपचार करणाऱ्या तज्ञांची अखिल भारतीय संघटना १९६५ मध्ये स्थापन झाली. त्या काळी हे उपचार मुख्यतः शाळकरी मुलांवर होत असत. प्रौढ व उतारवयातील रोगीही आता दातांना तारा बसवून घेऊ लागल्याने हाडांच्या स्थितीचा विचार अधिक अगत्याचा झाला आहे. उपचार आरंभण्यापूर्वी रोग्यास हाडांचा विकार, हॉर्मोनाची उणीव वा त्यांवरील औषधयोजना आहे काय, हे विचारून घ्यावे. दाब सौम्य ठेवावा. मुळांची क्ष-किरण तपासणी अधूनमधून करावी आणि दात इष्ट जागी आल्यावर तो तेथे धरून ठेवण्याचा काळ वाढवावा. एवढा बोध या प्रयोगांपासून निश्चितपणे घेता येतो.

प्रयोगांचे नियमन : भारतात प्राण्यांवरील प्रयोग १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या कक्षेत येतात. त्या अधिनियमानुसार प्रयोगांच्या देखरेखीसाठी केंद्रीय समिती नेमलेली असून १९९८ च्या नियमांनी प्रत्येक प्रयोगशाळेची नोंदणी व संस्थेतील नीतिसमितीची पूर्वमान्यता आवश्यक केली आहे. भूल देणे, प्राण्यांची संख्या आवश्यक तेवढीच ठेवणे व वेदना टाळणे ही बंधने केवळ दयाबुद्धीने घातलेली नाहीत. वेदनेने व भीतीने ग्रासलेल्या प्राण्याच्या रक्तात कॉर्टिसोनासारखी द्रव्ये वाढतात, तो खाणे टाकतो, आणि या दोन्हींमुळे दंतचलन बदलते. अशा प्राण्यावरील मोजमाप टेस्टोस्टेरोनाच्या उणिवेविषयी काहीच सांगू शकत नाही.