मथळा म्हणजे काम नव्हे

तत्त्वज्ञानाचा माणूस जूचंद्रला बसून संगणकावर का बोलतोय, असं वाटेल. कारण माझा नातू. तो शिकतो तिथे सगळ्यांसाठी एक महासंगणक आहे. कामं रांगेत लावायची, पाळी आली की ती चालतात. रांग सांभाळणाऱ्या प्रणालीचं नाव स्लर्म. पुण्यात आयसरच्या ‘परम ब्रह्म’वरही तीच आहे. (हे नाव ऐकून मी भलत्याच अपेक्षेनं कान टवकारले होते!)

त्यानं स्क्रिप्ट लिहिली: रांग दाखवणारी ‘एस्क्यू’ आज्ञा चालवायची, ओळी मोजायच्या, शून्य आलं की पुढचं विश्लेषण सुरू करायचं. कामं मध्यरात्रीच संपली. सकाळी बघतो तर स्क्रिप्ट अजून वाट पाहतेय. ओळी: एक! आणि प्रबंधाचा मसुदा दुपारी द्यायचा होता.

ती ओळ म्हणजे मथळा: जॉबआयडी, पार्टिशन, नेम, युजर वगैरे. रांग रिकामी असली तरी तो छापला जातोच. माणसाला ती सोय. मोजणाऱ्याला मात्र ओळ ती ओळ. आपल्या गावच्या रांगोळी प्रदर्शनात दारावरची पाटी कुणी रांगोळी म्हणून मोजत नाही. नैयायिक म्हणतात, घट वेगळा, घटत्व वेगळं. घटत्वात पाणी भरता येत नाही.

‘मग एक वजा कर,’ मी म्हटलं. ‘आजोबा, ते सगळीकडे चालणार नाही.’ खरंच होतं. झालेल्या कामांचा हिशेब देणारी ‘एस-अकाउंट’ आज्ञा मथळ्याखाली रेघांचीही एक ओळ छापते. त्यापेक्षा आज्ञेलाच ‘नोहेडर’ हा पर्याय द्यावा. एस्क्यूत त्याचं लघुरूप ‘एच’, एस-अकाउंटमध्ये ‘एन’. तिथे ‘एच’ म्हणजे मदत. असो.

पण मथळा काढला की नवी अडचण येते. रिकामं उत्तर रांग रिकामी असल्यानं येतं, तसंच सर्व्हरनं उत्तर न दिल्यानंही येतं. मथळा होता तेव्हा निदान प्रश्न पोचल्याचं कळत होतं. भाट्ट मीमांसक अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानतात, पण अट घालतात: वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून तो नाही, असं म्हणता येत नाही.

इथला दिवा म्हणजे आज्ञेचा एक्झिट कोड. तो शून्य असेल तरच ओळींचं शून्य खरं मानायचं. आणि उत्तर थेट पाइपमधून मोजायला पाठवू नका. तसं केलं तर एरवी मोजणाऱ्या आज्ञेचा कोड हाती येतो, विचारणाऱ्या आज्ञेचा नाही. आधी उत्तर फाइलीत घ्या, कोड बघा, मग ओळी मोजा.