एक्झिक्यूट : सही करा, वसुली करा, फाशी द्या!

'एक्झिक्यूट' म्हटलं की डोळ्यांपुढे फाशीचा दोर? थांबा! सब-रजिस्ट्रार ऑफिसात लोक हसतमुखाने एक्झिक्यूट करतात... फ्लॅटचं खरेदीखत! 'लिहून देणार' म्हणून सही ठोकली की दस्त एक्झिक्यूट झाला. आता घड्याळ सुरू : 4 महिन्यांत तो नोंदणीला हजर करायचा.

माहीत आहे का, या क्रियापदाचं लॅटिन मूळ आहे 'शेवटपर्यंत पाठपुरावा करणं'? आधी शिक्षा तडीस न्यायची, मग शब्द थेट माणसाच्याच मानेवर बसला!

राजाही सुटला नाही. 1649 साली इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सच्या डेथ वॉरंटवर तब्बल 59 सह्या होत्या. आधी कागद एक्झिक्यूट, मग राजा!

पण खरा थरार दिवाणी कोर्टात. केस जिंकलात, डिक्री म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा हातात आला, पैसे कुठायत? त्यासाठी पुन्हा अर्ज करायचा. इंग्रजीत 'एक्झिक्यूशन', आपल्या वकिलांच्या तोंडी 'दरखास्त'. बहुतेक डिक्र्यांना मुदत 12 वर्षं, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या एक्झिक्यूशनच्या ऑर्डर 21 मध्ये नियम किती? 106! हिंदुस्थानात पक्षकाराची खरी अडचण डिक्री मिळाल्यावर सुरू होते, असं तेव्हाच्या सर्वोच्च अपील कोर्टाने, प्रिव्ही कौन्सिलने, 1872 मध्येच म्हटलं होतं. जिंकलेल्या माणसाला पुन्हा रांगेत उभं करणं हा अन्यायच, आणि तो लवकर संपायला हवा.

कायदा मात्र मनाने हळवा बरं का! जप्ती आली तरी स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, गरजेचे कपडे, कारागिराची हत्यारं यांना हात लावता येत नाही. धार्मिक रिवाजानुसार बाईला उतरवता न येणारा दागिनाही सेफ!

अटकेला आलेत? सूर्य मावळल्यावर घरात शिरायचं नाही, उजाडेपर्यंत थांबायचं. आणि पैशांच्या डिक्रीपायी बाईला अटक? अजिबात नाही!

गोंधळू नका हं : 'एक्झिक्यूशनर' माणसाला वर पोचवतो, तर 'एक्झिक्यूटर' माणूस गेल्यावर त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे ज्याचं त्याला पोचवतो. एरवी मृत्युपत्र एक्झिक्यूट करायला किमान 2 साक्षीदार लागतात. पण लढाईवरच्या सैनिकाला खास सवलत : 2 साक्षीदारांसमोर तोंडी सांगितलं तरी चालतं!

आणि कॉम्प्युटरवरची 'डॉट ईएक्सई' फाइल? तीही याच घराण्यातली! डबल-क्लिक करा, प्रोग्रॅम एक्झिक्यूट. ना साक्षीदार, ना स्टॅम्प ड्युटी!