सौर पंपाच्या प्लेटा आणि आपले ऊन
— ऊस विकास अधिकारी



२०१९ साली पीएम-कुसुम योजना आली आणि विहिरी-बोअरवर सौर पंप दिसू लागले. गटावर फिरताना एक तक्रार हमखास कानी येते, "साहेब, पंप पाच एचपीचा, पण सरीच्या शेवटाला पाणी पोचेना." पुष्कळदा पंप चांगलाच असतो. खोट असते प्लेटांच्या तोंडात, नाहीतर शेजारच्या उसात.

आपल्याकडे प्लेटांचे तोंड दक्षिणेला हवे. ती खरी दक्षिण, बांधाची रेघ नव्हे. डिसेंबरअखेर सरळ काठी रोवून पाहा. घड्याळात साडेबाराच्या सुमारास तिची सावली सर्वांत आखूड होते व उत्तर दाखवते. तिच्या उलट दक्षिण.

कराड-सांगली पट्टा सुमारे १७ अंश अक्षांशावर आहे. वर्षभराचा हिशेब धरला तर प्लेटांना तेवढाच कल पुरे. पण उसाला पाण्याची ओढ लागते ती मार्च ते मे, आणि ८ मेच्या सुमारास तर सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर असतो. सांगाड्याला कोन बदलण्याची सोय असेल तर उन्हाळ्यात कल दहा अंशांपर्यंत उतरवावा, डिसेंबरात चाळीसच्या आसपास न्यावा. अगदी सपाट मात्र करू नये, धूळ बसून राहते.

ऊन कडक तेवढी वीज जास्त, हा समज अर्धाच खरा. प्लेटेवर लिहिलेले वॅट २५ अंश सेल्सिअसला मोजलेले असतात. त्यापुढे दर अंशाला साधारण ०.४ टक्के घट येते. मे महिन्यात प्लेट ६० अंशांवर गेली की सातवा हिस्सा गेलाच म्हणा. खालून वारा खेळू द्या. तिथे पाचट रचून ठेवणारेही आहेत, त्यात आगीचा धोका वेगळाच.

ढगाळ दिवशी पंप फिरतो पण पाणी पडत नाही, त्याने घाबरू नये. पाणी वर चढवायला ठराविक जोर लागतो; त्याखाली मोटर नुसतीच फिरते. बोअर जितके खोल, तितका हा प्रकार अधिक.

आता मुख्य गोष्ट. प्लेटा एकामागे एक जोडलेल्या असतात. एकीवर सावली पडली तरी सगळ्या ओळीची वीज घटते. लागणीच्या वेळी मोकळे असलेले रान पुढे दहा-बारा फूट उंच होते. डिसेंबरात सकाळी साडेनऊला सावली उंचीच्या पावणेदोन पट पडते. ऊस प्लेटेच्या खालच्या कडेपेक्षा सात फूट वर गेला, तर बारा फुटांपर्यंत सावली आलीच. म्हणून पूर्व, पश्चिम व दक्षिण या तिन्ही अंगांनी निदान पंधरा फूट ऊस लावू नये. तिथे भुईमूग किंवा भाजीपाला घ्यावा. चार सऱ्या जातील, पण पाळी वेळेवर बसेल.

गळीत हंगामात धुराड्याची राख आणि पाचट जाळल्याची काजळी प्लेटांवर बसते. आठवड्यातून एकदा मऊ फडक्याने पुसावे, तेही सकाळी. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये, काच तडकते. विहिरीचे पाणी क्षाराचे असेल तर धुतल्यावर लगेच कोरडे करावे, नाहीतर पांढरा थर धरतो आणि तो मग घासूनही निघत नाही.