आकाशाचा बंदोबस्त करणारा देव

युफ्रेटीसच्या तीरावरील बाबिलोनचा मार्दुक हा मूळचा एका नगराचा देव, परंतु इ. स. पूर्व अठराव्या शतकात हम्मुराबीच्या राज्यविस्ताराबरोबर त्याचेही महत्त्व वाढू लागले, आणि पुढे निप्पूरच्या एन्लिलास मागे सारून तो साऱ्या देवमंडळाचा अधिपती झाला. 'एनूमा एलिश' या मातीच्या सात फलकांवरील काव्यात त्याच्या या अधिकारारोहणाची कथा आली आहे. सागररूपिणी तिआमतेपुढे इतर देव कचरले, तेव्हा विजयानंतर सर्वाधिकार आपल्या हाती यावेत ही अट घालूनच त्याने शस्त्र उचलले. प्रचंड वारे मुखात शिरवून तिचे उदर फुगविले, बाणाने हृदय भेदले, आणि सुकवावयाच्या मासळीसारखा तिचा देह उभा चिरून अर्ध्या भागाचे आकाश केले.

या युद्धापेक्षा मला त्यानंतरचा बंदोबस्त अधिक मोलाचा वाटतो. मार्दुकाने थोर देवांना नक्षत्रस्थाने नेमून दिली, बारा महिन्यांवर तीन-तीन तारे तैनात केले, आणि सातव्या दिवशी मुकुट अर्धाच दिसावा, असा चंद्रास हुकूम फर्मावला. आकाशाचा कारभार जर असा ठरल्या नियमाने चालत असेल, तर तो नियम शोधणे ही देवसेवाच ठरते. म्हणूनच मार्दुकाच्या एसागिला मंदिराशी संलग्न असलेल्या विद्वानांनी शतकानुशतके ग्रहांची रोजनिशी राखली. त्यांच्या दृष्टीने गुरू हा साक्षात मार्दुकाचा तारा होता.

त्या ताऱ्याची गती त्यांनी कोणत्या रीतीने मोजली, हे 2016 साली मातियू ओसेन्ड्रायव्हर या संशोधकाने ब्रिटिश म्युझियममधील फलकांचा अर्थ लावून दाखविले. इ. स. पूर्व 350 ते 50 या काळातील त्या गणितात गुरू उदयाच्या वेळी दिवसास 12 कला सरकतो आणि 60 दिवसांनी त्याची गती साडेनऊ कलांवर येते. दोहोंची सरासरी पावणेअकरा. तिला 60 ने गुणले की 645 कला, म्हणजे 10 अंश 45 कला एवढे अंतर निघते. दिसावयास हा साधा गुणाकार. परंतु काळ ही लांबी व गती ही उंची कल्पून काढलेल्या समलंब चौकोनाचे ते क्षेत्रफळ आहे, आणि युरोपात ऑक्सफर्डच्या पंडितांना ही कल्पना चौदाव्या शतकात सुचली. एवढ्यावरच न थांबता, यांपैकी निम्मी वाट कितव्या दिवशी सरेल, हेही त्या ज्योतिर्विदांनी त्याच चौकोनाचे समक्षेत्र दोन भाग पाडून काढले. आणि ती युक्ती त्यांच्या देशातील सहस्र वर्षांहून जुन्या क्षेत्रविभागणीच्या गणितांतून आलेली होती.