एक स्पीकर, तरी स्टिरिओ

१९८९ साली आलेल्या पहिल्या गेमबॉय या हातात धरून खेळायच्या व्हिडिओ-गेम यंत्राच्या पडद्याच्या वरच्या कडेला एक ओळ छापलेली आहे : 'डॉट मॅट्रिक्स विथ स्टिरिओ साउंड'. आणि स्पीकर एकच, खाली उजव्या कोपऱ्यात, तिरक्या फटींमागे! लहानपणी मला ती ओळ शुद्ध थाप वाटायची.

आतेभावानं दुबईहून गेमबॉय आणला, त्या मे महिन्याच्या सुट्टीपर्यंत आमच्याकडे फक्त टीं-टीं करणारा ब्रिक गेम होता. दुपारी सगळे पडले की आत्या म्हणायची, "आवाज बंद करा रे." म्हणून आम्ही वॉकमनचे हेडफोन काढले आणि त्यांची पिन गेमबॉयच्या खालच्या भोकात खुपसली. खरखरणारा एकजीव आवाज एकदम फाटला. काही सूर डाव्या कानात, काही उजव्या. ओळ खरी होती. फक्त ती स्पीकरबद्दल नव्हतीच.

पुढं कळलं की त्या यंत्राला चारच गळे आहेत. दोन चौकोनी लहरींचे. तिसऱ्याची लहर संगीतकारानं स्वतः आखायची, ३२ टप्प्यांत, प्रत्येक टप्प्याला १६ पायऱ्या. चौथा निव्वळ खरखर, त्यातूनच ढोल आणि स्फोट. प्रत्येक गळ्याला तीनच जागा : डावा कान, उजवा कान किंवा दोन्ही. 'थोडंसं डावीकडे' हा प्रकारच नाही. एवढ्या तुटपुंज्या साधनांत चाल बांधायची म्हणजे काय कसब लागत असेल! हे आवाजाचं यंत्र घडवणारे हिरोकाझू तानाका अभियंताही होते आणि संगीतकारही. टेट्रिस या खेळासाठी 'कोरोबेइनिकी' या रशियन लोकगीताची मांडणी त्यांचीच. अमेरिकेत विकलेल्या खोक्यात टेट्रिस आणि चार सेल यांच्यासोबत इअरफोनही असायचे. त्यामुळे मी इअरफोनला जोडवस्तू म्हणत नाही, तो गेमबॉयचा उरलेला अर्धा भाग आहे.

म्हणूनच २००३ च्या गेमबॉय अ‍ॅडव्हान्स एसपीचं मला अजून वाईट वाटतं. घडी घालता येणारं, उजळ पडद्याचं इतकं देखणं यंत्र, आणि हेडफोनचं भोकच नाही! चार्जिंगच्या खोबणीत वेगळा अ‍ॅडॅप्टर लावायचा. टोकियोच्या अकिहाबारात सुपर पोटॅटो या जुन्या खेळांच्या दुकानात गेलो, ते त्याच्याच शोधात. मिळाला. त्या रात्री हॉटेलात मी झोपलोच नाही. एसपीनंतर दोन वर्षांनी आलेल्या गेमबॉय मायक्रोत भोक परत आलं.

आता नवे हेडफोन घेणाऱ्यांसाठी भराभर सांगतो. आधी वायर, मग बाकीचं. साध्या ब्लूटूथवर आवाज २०० मिलिसेकंदांपर्यंत सहज मागं पडतो. सेकंदाला ६० चित्रं धरली तर १२ चित्रं उलटून गेल्यावर उडीचा आवाज येतो. अ‍ॅप्टएक्स लो लेटन्सी ही उशीर कमी करणारी पद्धत तो ४० मिलिसेकंदांच्या आसपास आणते, पण ती दोन्ही टोकांना हवी. वायर नकोच असेल तर यूएसबी-सी डोंगलवाले घ्या. स्विच हे हातातलं यंत्र २०१७ चं, त्याला ब्लूटूथ आवाज मिळाला सप्टेंबर २०२१ मध्ये, तोही माइकशिवाय. स्टीम डेक या तशाच यंत्राला वायरचं भोक आणि ब्लूटूथ दोन्ही आहे. १६ ते ३२ ओहमचे हेडफोन हातातल्या यंत्रावर मोकळे वाजतात. ३०० ओहमचे घेतलेत तर आवाज दबेल. लोकलमध्ये कानात घट्ट बसणारे, घरी पाठीमागून उघडे. चहूबाजूंनी आवाज येतो असं सांगणारा खोटा 'सेव्हन पॉइंट वन' शिक्का पाहून जास्त पैसे मोजू नका.

भाची स्विचवर वायरलेस बड्स लावून खेळते. गेल्या गणपतीत तिला जुना गेमबॉय दिला, वायरचे इअरफोन लावून. थोडा वेळ ती गप्प होती. मग तिनं दोन्ही कानांतले इअरफोन काढले, अदलाबदल करून परत घातले आणि डोळे मोठे केले.

"मामा, आता तो इकडून आला!"