पाऱ्याचा मारेकरी : एका उत्तरभागाचे गुणदोष

लोकप्रिय ठरलेल्या चित्रपटाचा दुसरा भाग काढणे हे व्यापाराच्या दृष्टीने सोपे आणि कलेच्या दृष्टीने अवघड असे काम आहे. प्रेक्षकाला पूर्वीचेच पुन्हा हवे असते. परंतु ते जसेच्या तसे मिळाले की त्याचा विरस होतो. या पेचातून सुटण्यासाठी हॉलिवूड बहुधा खर्चाचा आश्रय घेते. पहिल्या भागात एक स्फोट असेल, तर दुसऱ्यात दहा होतात. १९९१ साली प्रदर्शित झालेल्या ‘टर्मिनेटर २ : जजमेंट डे’ या चित्रपटाच्या बाबतीतही हेच घडले असे वरवर पाहता वाटेल. जेम्स कॅमेरॉन या दिग्दर्शकाने १९८४ चा मूळ ‘द टर्मिनेटर’ सुमारे ६४ लाख डॉलरमध्ये पुरा केला होता. उत्तरभागाला सुमारे १० कोटी डॉलर लागले. असे असूनही, चमत्कृतिदृश्यांवर उभारलेला उत्तरभाग कोठे साधतो आणि कोठे फसतो हे पाहावयाचे झाल्यास याच्याइतके बोधप्रद उदाहरण क्वचितच सापडेल.

कथासूत्र थोडक्यात असे. भविष्यकाळात यंत्रे मानवजातीवर उठली आहेत. मानवांचा भावी नेता जॉन कॉनर अद्याप कोवळ्या वयाचा असतानाच त्याला ठार करण्यासाठी यंत्रे एक मारेकरी भूतकाळात धाडतात, आणि त्याच्या रक्षणार्थ मानवांच्या बाजूने दुसरे यंत्र येते. पहिल्या भागात अर्नोल्ड श्वार्झनेगर याने रंगविलेले संहारक यंत्र येथे रक्षक बनले आहे. नवा मारेकरी मात्र शरीराने सडपातळ, चेहऱ्याने साधा आणि पोलिसाच्या गणवेशात वावरणारा आहे. तो द्रवरूप धातूचा बनलेला असून पाहिजे त्याचे रूप घेऊ शकतो.

या पाऱ्यासारख्या मारेकऱ्यातच चित्रपटाचे खरे बळ आहे. कॅमेरॉनच्याच १९८९ च्या ‘द ॲबिस’ या चित्रपटात संगणकाने रेखाटलेला पाण्याचा एक सजीव स्तंभ सुमारे सव्वा मिनिट दिसला होता. त्या प्रयोगाचा पुढचा टप्पा डेनिस म्यूरेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी येथे गाठला. रॉबर्ट पॅट्रिक या नटाच्या अंगावर चौकटींची जाळी रंगवून त्याचे चालणे आणि धावणे एकाच वेळी दोन कॅमेऱ्यांनी टिपण्यात आले. त्यावरून त्याच्या हालचालीचे गणिती प्रतिरूप तयार झाले आणि त्यावर चकाकत्या धातूची कांती चढविण्यात आली. मारेकरी गजांच्या दारातून आरपार जातो, ते दृश्य पाहताना प्रेक्षागृहे स्तब्ध होत असत.

परंतु दोन तासांहून अधिक लांबीच्या या चित्रपटात संगणकाने निर्मिलेला भाग एकूण पाचेक मिनिटांपेक्षा फारसा अधिक नाही, ही गोष्ट अनेकांना खरी वाटत नाही. उरलेले काम हस्तकौशल्याचे आहे. मारेकऱ्याच्या छातीवर गोळ्यांच्या चंदेरी जखमा फुलाप्रमाणे उमलतात, त्या स्टॅन विन्स्टन याच्या कारागिरांनी घडवून कपड्यांखाली बसविलेल्या होत्या. वेड्यांच्या रुग्णालयातील पहारेकऱ्यासमोर त्याचीच प्रतिमा उभी राहते, तेथे तर दोन जुळे भाऊच उभे केले होते. लिंडा हॅमिल्टन या नायिकेच्या जुळ्या बहिणीचाही असाच उपयोग करून घेण्यात आला. हेलिकॉप्टर पुलाखालून जाते, ते वैमानिकाने खरोखरच नेलेले आहे. गजांतून धातू सरकतानाचा तो ओला, किळसवाणा आवाज ध्वनितज्ज्ञाने कुत्र्याचे डबाबंद खाद्य डब्यातून हळूहळू बाहेर पडताना मुद्रित करून मिळविला. ध्वनीसाठी दोन, रंगभूषेसाठी एक आणि दृश्यचमत्कृतींसाठी एक अशी चार ऑस्कर पारितोषिके या चित्रपटाला लाभली, हे यथायोग्यच म्हटले पाहिजे. पॅट्रिकलाही श्रेय द्यावयास हवे. वेगाने धावतानाही त्याचे तोंड मिटलेले असते, त्याला धाप म्हणून लागत नाही. एवढ्या एका गोष्टीने जी भीती उत्पन्न होते, ती संगणकाला साधली नसती.

दोष पाहू गेल्यास पहिला दोष तर्काचा आहे. सजीव मांसाच्या आवरणावाचून काहीही कालप्रवास करू शकत नाही, असा नियम पहिल्या चित्रपटाने घालून दिला होता; निव्वळ धातूचा हा मारेकरी मग आला कसा, याचे उत्तर कोठेही मिळत नाही. शिवाय यंत्रांची उत्पत्तीच रोखली गेली, तर जॉनच्या पित्याला भविष्यातून पाठविणार कोण आणि जॉन जन्मणार कसा? पहिल्या भागाचे कथानक स्वतःचीच शेपटी गिळणाऱ्या सर्पासारखे पक्के होते. दुसऱ्याने भवितव्य बदलता येते हा आशेचा सूर लावला आणि तो पक्केपणा गमावला.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. रक्षक यंत्राने कोणाचाही जीव घ्यावयाचा नाही, असे वचन मुलगा त्याच्याकडून घेतो. यंत्र ते अक्षरशः पाळते आणि माणसांच्या गुडघ्यांवर गोळ्या झाडते. प्रेक्षागृहात येथे हशा पिकतो. हिंसेचा निषेध करावयाचा आणि तिची मौजही सोडावयाची नाही, अशी ही सोय आहे. याच चित्रपटात, यंत्रांचा भावी जनक ठरणार असलेल्या डायसन या शास्त्रज्ञाला मारावयास गेलेली सारा त्याच्या बायकोमुलासमोर कोसळते, तो प्रसंग मात्र अस्सल आहे. पिस्तूल हाती धरलेली आई स्वतःच यंत्र होऊ लागली आहे, हे तेथे एकाही चमत्कृतीवाचून कळते. असे प्रसंग आणखी एकदोन असते तर अखेरच्या पोलाद कारखान्यातील लांबलेली झटापट सुसह्य झाली असती.

जाहिरातीनेही एक घात केला. दोघा आगंतुकांपैकी रक्षक कोण आणि मारेकरी कोण, हे पटकथेने बाजारसंकुलातील सामन्यापर्यंत काळजीपूर्वक लपविले आहे. पण जाहिरातपटांनी ते आधीच जगजाहीर करून टाकले. परिणामी पहिला अर्धा तास दिग्दर्शकाने योजलेल्या रीतीने फारच थोड्यांना पाहता आला.

जगभर मिळून चित्रपटाने ५० कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळविले. तरीही त्यामागील कॅरोल्को ही संस्था पुढच्या महागड्या अपयशांपायी १९९५ मध्ये दिवाळखोरीत निघाली. कॅमेरॉनने वृद्ध सारा नातीला खेळताना पाहत आहे, असा निःशंक सुखान्त शेवट चित्रित करून ठेवला होता. तो गाळून त्याने रात्रीचा अंधारा रस्ता दाखविला. कथेचे दार त्यामुळे किलकिले राहिले, आणि २००३ पासून त्या दारातून इतर दिग्दर्शकांचे आणखी चार टर्मिनेटर चित्रपट आले. त्यांच्यात संगणकाचे काम कितीतरी पटींनी अधिक आहे. गजांपुढे क्षणभर अडखळलेले ते पिस्तूल मात्र त्यांपैकी एकातही नाही.