ऊसगाडीचा समतोल : बल, आघूर्ण आणि बैलांची मान

नीरा उजव्या कालव्यामुळे फलटण तालुक्यात उसाची शेती विस्तारली. हा ऊस कारखान्यापर्यंत नेण्याच्या कामी ट्रॅक्टरबरोबरच टायरची बैलगाडीही वापरली जाते. स्थितिकी शिकविताना भिंतीला टेकलेली शिडी व दोन आधारांवरील तुळई हीच उदाहरणे वारंवार दिली जातात. वस्तुतः ही दुचाकी गाडी त्यांहून अधिक बोलकी आहे.

गाडीचा आख हा टेकू मानावा. भाराचा गुरुत्वमध्य आखाच्या नेमका वर असेल, तर सपाट रस्त्यावर उभ्या गाडीच्या जुवावर काहीच भार येत नाही. तो पुढे सरकला की आघूर्ण निर्माण होते व ते बैलांच्या मानेला तोलून धरावे लागते. समजा, गाडी व ऊस मिळून वजन २० क्विंटल, आखापासून जुवाचे अंतर ३ मीटर आणि गुरुत्वमध्य आखापुढे १५ सेंटिमीटर आहे. जुवावरील भार २००० × ०.१५ ÷ ३, म्हणजे १०० किलो होतो. एक वीतभर चुकीची ही किंमत! उलट, भार मागे गेला तर गाडी उलाळ होते. जू वर उचलले जाऊन बैलांच्या गळ्यातील जुपणीला ताण बसतो. मोळ्या रचताना अनुभवी गाडीवान जू हाताने उचलून पाहतो, तेव्हा तो हेच समीकरण सोडवीत असतो.

चढउतारावर हा हिशेब बदलतो. उंच रचलेल्या उसाचा गुरुत्वमध्य सामान्यतः जुवाच्या पातळीहून वर असतो. त्यामुळे उतारावर मानेवरील भार वाढतो, चढावर घटतो. तीव्र चढावर गाडी उलाळ होण्याचा धोका असतो.

गतीचा प्रश्न मात्र वेगळा आहे. डांबरी रस्त्यावर रबरी टायरचा लोटन-विरोध वजनाच्या सुमारे दोन टक्के धरला, तर २० क्विंटलसाठी सुमारे ४० किलोभाराची ओढ पुरते. वीसास एक असा चढ लागला, की त्यात आणखी १०० किलोभाराची भर पडते. त्याच उतारावर ब्रेक नसलेली गाडी बैलांना सुमारे ६० किलोभाराने पुढे ढकलते आणि तिला आवरण्याचे काम मानेवरच येते. शेतातील भुसभुशीत मातीत तर विरोध कित्येक पटींनी वाढतो.

या पार्श्वभूमीवर सांगली जिल्ह्यातील राजारामनगर येथील राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी केलेला ‘सारथी’ हा प्रयोग लक्षणीय ठरतो. २०२२ मध्ये तो सर्वत्र चर्चिला गेला. दोन बैलांच्या मध्ये, दांडीखाली, एक फिरते आधारचाक बसविण्याची ही कल्पना. जुवावरचा उभा भार आता चाकामार्फत जमिनीवर जातो. परंतु आडवी ओढ या चाकाने कमी होत नाही. चढाचा व मातीचा विरोध बैलांनाच सोसावा लागतो. याउलट, मानेवरचा भार कमी झाल्याचे पाहून गाडीत अधिक ऊस भरला गेला, तर ओढ वाढेलच, हा धोका यंत्रापेक्षा व्यवहाराचा आहे. शिवाय आधार तीन झाल्याने भाराची वाटणी रस्त्याच्या खाचखळग्यांवरही अवलंबून राहते. चाक खड्ड्यात उतरले की तेवढा क्षण सारा भार पुन्हा मानेवर येतो. म्हणून चाकाची उंची बैलांच्या खांद्याशी जुळविता येणे आणि जोडणीत थोडी स्प्रिंग असणे इष्ट होय. उतारासाठी लागतो तो ब्रेक, आणि तो आखावरच्या चाकांनाच हवा.